दोन इंजिनांची अट

लग्नानंतरच्या एकतीस वर्षांत माझ्या बायकोने गंगेत पाय घातला तो घोट्यापर्यंत. त्यापुढे नाही. ती नगर जिल्ह्यातल्या अशा गावची, जिथे पाणी म्हणजे विहिरीत खूप वाकून पाहिल्यावर तळाशी दिसणारी गोष्ट. नवी नवरी म्हणून ती काशीतल्या आमच्या दूधविनायक मोहल्ल्यात आली, चौथ्या दिवशी गंगापूजनाला आम्ही तिला नावेत बसवलं, आणि नाव मधोमध असताना माझे एक उत्साही मामा फोटो काढायला उभे राहिले. नाव कलली. बुडालं कुणी नाही, मामाही नाहीत. पण काठावर उतरल्यावर हिने जे जाहीर केलं ते तिने पाळलं. पुन्हा नावेत बसायचं नाही.

आणि मी कसा? मला नदीशिवाय चैन पडत नाही. पाठशाळेत संस्कृत शिकवतो, पण वर्गावर जाण्याआधी तासभर तरी पाण्यावर असतो. कधी सूंस, म्हणजे गंगेतला डॉल्फिन, उसळी मारून जातो, कधी धुक्यातून नुसता घंटेचा आवाज येतो आणि घाट दिसतच नाही. हे सगळं बघून मी घरी यायचो आणि ही पोळ्या लाटत असताना तिला सांगायचो. ती "हो का?" म्हणायची. एकतीस वर्षांचे "हो का?" जमा झाले होते. वर्णन करून करून माझा जीव कंटाळला होता हो! जे सगळ्यात सुंदर पाहिलं ते एकट्यानेच पाहिलं, याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

एकदा मी फारच मागे लागलो तेव्हा ती पीठ मळता मळता म्हणाली, "त्या मोटरच्या नावांना एकच इंजिन असतं. मधेच बंद पडलं म्हणजे? दोन असती तर बसलेही असते."

तिने हे विषय संपवायला म्हटलं होतं. मी ते वेदवाक्य मानलं.

दोन इंजिनांची नाव आमच्या घाटांवर कुणाकडे नव्हती. ती सापडली पलीकडच्या वाळूवर. कोलकात्याच्या कुणा हौशी माणसाची केबिनची बोट, कुण्या हॉटेलवाल्याने इथे आणलेली आणि नाद सोडून दिलेली. कधीकाळी पांढरी असावी. आत दोन बाकं, दोन गोल खिडक्या, एका वेळी एकच कप चहा होईल एवढी शेगडी. मी आत शिरलो, पायाखालची फळी उचलली आणि मोजलं. एक, दोन! दोन्ही गंजलेली, दोन्हींवर कोळ्यांची जाळी, पण दोन. मी त्या वाळूत टाळ्या वाजवल्या. आजूबाजूला फक्त एक म्हैस होती, तिने मान वळवून पाहिलं.

मुन्शी घाटावर नावांची इंजिनं दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, जातीचे मल्लाह म्हणजे नावाडी, वयाने माझ्याएवढेच. मी विकत घेतलेल्या त्या बोटीच्या पोटात त्यांनी डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग हसत वर आले.

"गुरुजी, ई नाव ना हौ," ते म्हणाले, "दू ठे सौत हौ."

सवती! तीन वर्षं मी त्या दोन सवतींची मनधरणी केली. डावी तेल गाळायची, उजवी थंडीत उठायचीच नाही. डावीला खूश करावं तर उजवी रुसायची, उजवीचा पंप बसवला की डावीचा पट्टा तुटायचा. उजवीचे निम्मे भाग मिस्त्रींनी कानपूरच्या भंगारातून आणून बसवले, त्यामुळे एकीचं दुसरीला लागेनासं झालं. मी डिझेलच्या नळीतली हवा काढायला शिकलो, कुठला पाना कुठे लागतो ते शिकलो. इंजिनात हात घालताना जानवं कानाला अडकवायला शिकलो, कारण एकदा ते पट्ट्यात जाता जाता वाचलं होतं. नखांतलं ग्रीस निघेना म्हणून मी वर्गात हात मागे बांधून शिकवू लागलो, आणि विद्यार्थ्यांना वाटलं गुरुजी गंभीर झाले. खंडेनवमीला मी सगळे पाने पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही ही आमच्याकडची रीत, आणि नेमकी त्याच दिवशी बोटीत पाणी शिरलं. मिस्त्री पाटावरचा पाना उचलायला गेले तर मी आडवा आलो. शेवटी त्यांनी तळाचा ढिला झालेला बोल्ट दातओठ खात हातानेच आवळला, आणि पुढचे आठ दिवस मला काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

पण या बोटीचं खरं दुखणं वेगळंच होतं. ही इंजिनं नदीचं पाणी ओढून थंड राहतात. बोटीच्या तळाला दोन्ही बाजूंना एकेक भोक, आणि इंजिनाआधी बरणीसारखी एक चाळणी, म्हणजे कचरा आत जाऊ नये. आता आमच्या गंगेत कचरा म्हणजे काय? झेंडू! झेंडू, बेलाची पानं, वाती, द्रोण. दर दोन-तीन दिवसांनी चाळणी उघडावी तर आतून देवाची अख्खी पूजा निघायची. मिस्त्री ती फुलं सरळ एका गोणीत भरायचे. मला ते बघवेना. देवाला वाहिलेलं निर्माल्य, ते वाहत्या पाण्यातच जायला हवं, पायदळी येता कामा नये, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. "गुरुजी, बोरी में डालिए, बोरी में," ते बजावायचे. ते असले की मी गोणीत टाकायचो. नसले की ओंजळीत घेऊन, डोळे मिटून, नदीत.

या मार्गशीर्षात एका रविवारी दोन्ही इंजिनं एकदम सुरू झाली. मी घाटावरून धावत घरी गेलो. धावत म्हणजे अक्षरशः, धोतर सावरत, पायऱ्या दोन-दोन करत. वयाला शोभलं नाही.

"चल," मी धापा टाकत म्हटलं, "दोन्ही चालू झाल्या!"

तिने गॅस बंद केला. पदराला हात पुसले.

"एकदाच बसेन," ती म्हणाली. "सांगून ठेवते. पाण्यात मधेच बंद पडली ना, तर पुन्हा आयुष्यात माझ्यापुढे नावेचं नाव काढायचं नाही."

"काढणार नाही."

"शपथ?"

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होतो?

तासाभराने ती शिंदे घाटावर, बोट बांधली होती तिथे, आली. हातात पिशवी, पिशवीत थालीपीठं, नारळ आणि घरातलं आठवड्याचं निर्माल्य. नदीच्या मध्यात जायचं आणि निर्माल्य घरी ठेवायचं, असं आमच्यात कोण करेल? अंगात नारिंगी लाइफ जॅकेट घाल म्हटलं तर तिने दोन घातली, एकावर एक. "एक बिघडलं तर?" असं तिने मलाच विचारलं. मिस्त्री बरोबर यायला तयार होते, पण मला तिला एकट्यानेच न्यायचं होतं. मिस्त्रींना मी मोठ्या तोऱ्यात मुन्शी घाटावर परत पाठवलं.

आम्ही प्रवाहाच्या उलट, दक्षिणेकडे निघालो. दोन्ही इंजिनं घुमत होती. मागे दोन्ही नळ्या पाणी थुंकत होत्या, आणि ते थुंकणं मला इतकं मंगल वाटलं म्हणून सांगू! बायकोने दोन्ही हातांनी कठडा धरला होता, बोटं पांढरी पडली होती, डोळे मिटलेले. घाट मागे सरकत होते आणि मी एकेकाचं नाव ओरडून सांगत होतो.

"डोळे उघड की गं!"

"तुम्ही समोर बघून चालवा!"

मुन्शी घाटासमोरून गेलो. पायऱ्यांवर मिस्त्री बसले होते. त्यांनी हात उंचावला आणि मीही राजासारखा हात हलवला. तेवढ्यात डाव्या इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. डाव्या नळीतून पाणी येईना.

मी डावं बंद केलं आणि उजवं तसंच हळू चालू ठेवलं. हाच तर क्षण होता ज्यासाठी तीन वर्षं घातली!

"काय झालं?" तिने डोळे उघडले.

"काही नाही. एक बंद पडलं," मी आनंदाने म्हटलं. "दुसरं आहे ना!"

तिला चाकाशी बसवून नुसतं सरळ धरायला सांगितलं. मी फळी उचलली, जानवं कानाला लावलं आणि चाळणी उघडली. आतलं घमेल्यात काढलं तर घमेलंभर झेंडू. तिने वाकून पाहिलं. पहिल्यांदाच ती भीती थोडी विसरल्यासारखी वाटली.

"अगं बाई! हे सगळं देवाचं?"

"देवाचंच."

"मग तिथे पायाशी काय ठेवताय? द्या इकडे. आपलंही त्याबरोबर सोडू."

गोणी? गोणी मिस्त्रींकडे होती. मला ती आठवलीही नाही, खोटं कशाला सांगू. तिने घरचं निर्माल्य काढलं, मी घमेल्यातली फुलं उचलली, आणि डावीकडे फळ्या उघड्या होत्या म्हणून आम्ही दोघं चाक तसंच सोडून उजव्या बाजूला, पुढच्या टोकाशी गेलो. प्रवाह समोरून येत होता, उजवं इंजिन पाणी ओढत होतं. आम्ही दोघांनी मिळून, भक्तिभावाने, डोळे मिटून, आठवडाभराची आणि अख्ख्या काशीची फुलं नेमकी त्या भोकाच्या वरच्या अंगाला सोडली. वर नमस्कारही केला.

फुलं किती छान तरंगत मागे गेली! तीही बघत राहिली, मीही बघत राहिलो. इंजिन तापल्याचा गजर वाजत होता तो मला कुठल्या तरी देवळातली घंटा वाटली. धूर आला तेव्हा कळलं. उजवी चाळणी त्याच फुलांनी तुंबली होती आणि उजव्या पंपातला रबरी पंखा कोरडा फिरून जळाला होता. मी घाईघाईने डाव्या चाळणीचं झाकण बसवायला गेलो, तर झाकणाखालची रबरी रिंग सापडेना, आणि तिच्याशिवाय पंप पाण्याऐवजी हवाच ओढतो. मी सगळीकडे शोधली. मग आठवलं, ती घमेल्यात ठेवली होती.

"ती काळी बांगडीसारखी होती ती का?" बायको म्हणाली. "ती फुलांबरोबर गेली की! मला वाटलं कुणीतरी वाहिली असेल."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"देवाला वाहिलेलं परत काढून घेऊ? उजवीकडची काढून लावा ना."

"ती बसत नाही, कानपूरची आहे."

गंगेच्या मध्यात, भर सकाळी, दोन्ही इंजिनं बंद. बोट आपोआप वळली आणि आलो होतो त्याच दिशेला वाहायला लागली. इंजिनांचा आवाज थांबल्यावर सगळं एकदम शांत झालं. नांगर टाकायचं मला सुचलंच नाही. मी फळ्यांवर बसलो, ग्रीसने माखलेले हात मांडीवर ठेवून, आणि मला रडू यायला लागलं. बुडायची भीती नव्हती. आता ही मला कधीही काहीही बघू देणार नाही, म्हणजे माझ्याबरोबर कधी बघणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. एकतीस वर्षांची खटपट, आणि संधी एक मिळाली, ती मी स्वतःच्या हाताने नमस्कार करून सोडली. तिच्याकडे बघायची माझी छाती होईना.

मुन्शी घाटावरून मिस्त्रींनी धूर पाहिला होता. वल्हं मारत ते आले, बोटीला लागले आणि त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा रिकाम्या घमेल्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं.

"का गुरुजी," ते म्हणाले, "बोरी में ना?"

मी मान खाली घातली. त्यांनी आपली नाव बाजूला घट्ट धरली आणि बायकोपुढे हात केला. "आइए भाभीजी, डरिए मत। इसमें बैठ जाइए, हम आपको आराम से किनारे छोड़ देंगे।"

आता ती उठणार, त्या हाताला धरून जाणार, आणि घरी पोचल्यावर विषय कायमचा बंद. मी मान वर केली.

ती पुढच्या टोकाला बसली होती. वरचं एक जॅकेट तिने काढून ठेवलं होतं. कठडा सोडला होता. एका हातात थालीपीठ होतं, दुसरा हात कपाळावर धरून ती काठाकडे बघत होती, जिथे उन्हात एकामागून एक घाट हळूहळू सरकत होते. मिस्त्रींकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

"भइया, इनको ले जाइए," ती म्हणाली. "ये बहुत घबरा गए हैं। हम अभी बैठेंगे।"