डिकीतली दुनळी

माझे वडील पुण्याच्या कोर्टात कारकून होते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं जगाला सांगत आणि स्वतः नोकरीभर रोज डबा घेऊन तीच पायरी चढत. जामीनदारांचे पडलेले चेहरे बघून बघून त्यांनी घरात एक नियम करून टाकला होता. आपण कुणाला जामीन राहायचं नाही आणि आपल्यासाठी कुणाला जामीन राहायला लावायचं नाही. पुण्यात असेपर्यंत हा नियम पाळणं सोपं गेलं, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं.

जपानला आल्यावर नियमाचा दुसरा भाग आधी कोसळला. इथे हमीदाराशिवाय पान हलत नाही. भाड्याने घर घ्या, हमीदार आणा. इथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करा, हमीदार आणा, आणि तोही जपानी किंवा तो परवाना आधीच मिळालेला. टोकियोतल्या कोतो वॉर्डात आमच्या इमारतीत निम्मी बिऱ्हाडं पुण्या-मुंबईची, पण सगळी आमच्यासारखीच रांगेतली. ऑफिसातल्या साहेबांना विचारलं, तर त्यांनी दातांच्या फटीतून श्वास आत ओढला आणि मान वाकडी केली. इथे नकार असाच ऐकू येतो. शेवटी अर्जावर हमीदार म्हणून आपल्या नावाचा शिक्का, म्हणजे इथली सही, उठवला तो आमच्या बाईंनी.

बाई म्हणजे माझ्या जपानी भाषेच्या शिक्षिका. समोर त्यांना मी सेन्सेई म्हणते, मनात मात्र बाईच. शाळेतून निवृत्त झालेल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काडीसारख्या बारीक. दर गुरुवारी वॉर्डाच्या हॉलमध्ये आम्हा परदेशी लोकांना फुकट शिकवतात. हातात लाल पेन्सिल. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, “चूक मला सापडायच्या आत स्वतः दाखवलीत, तर मी लाल पेन्सिल वापरणार नाही.” सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. गोड बोलून वेळ मारून नेत नाहीत, म्हणून आमचं जमलं. हमीपत्र त्यांनी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं, शिक्का उठवला आणि म्हणाल्या, “माझं नाव वापरताय. नीट वागा.”

गेल्या हिवाळ्यात बाईंचे यजमान गेले. टोकियोच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका खेड्यात त्यांचं वडिलोपार्जित घर रिकामं पडलं होतं. ते सोमवारी पाडायचं ठरलं. आदल्या शनिवारी उरलंसुरलं सामान आणायला मी भाड्याची गाडी घेतली, माझ्या नावावर. बाई गाडी चालवत नाहीत आणि त्यांना मूलबाळ नाही. माझ्या नवऱ्याने लेकीला सांभाळायचं कबूल केलं आणि “डोंगरात हळू चालव” हा सल्ला तीनदा दिला.

घरात फारसं काही नव्हतंच. दोन पेट्या किमोनो, चिनीमातीची भांडी, फोटो. मी कप विसळून बाहेर आले तेव्हा बाई एक लांब, जुन्या गादीच्या खोळीत गुंडाळलेलं गाठोडं डिकीत अगदी तळाशी सरकवत होत्या. घाम फुटला होता. मी धावले, तर म्हणाल्या, “भिंतीवरची चित्रं आहेत. मीच ठेवते.” दोन कपांची पेटी मला उचलायला लावणाऱ्या बाई आज स्वतः ओझं वाहतायत, याचं मला नवल वाटलं, इतकंच. दुःखात माणसं अशी वागतात, असं समजून मी गप्प बसले. शहाणी!

परतीच्या वाटेवर साडेतीनच्या सुमाराला, एका वळणावर, उजवीकडच्या देवदारांतून हरीण आलं. मी ब्रेक दाबला तोवर धडक बसली होती. पुढचा दिवा फुटला, पत्रा आत गेला. हरीण रस्त्याच्या कडेला पडलं, दोनदा पाय झाडले आणि निपचित झालं. आम्हाला खरचटलंसुद्धा नव्हतं. माझे हात मात्र स्टिअरिंगवरून सुटेनात. बाई उतरल्या, हरणाजवळ उकिडव्या बसल्या आणि हात जोडून बराच वेळ तशाच राहिल्या.

इथे हरणाला धडकलं तरी पोलिसांना कळवावंच लागतं, नाहीतर विमा मिळत नाही. मी फोन केला. चौकीतून माणूस यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतील म्हणाले, तोवर गाडीमागे धोक्याचा त्रिकोण लावा. त्रिकोण डिकीच्या तळाशी, फळीखाली. मी पेट्या बाहेर काढल्या, गाठोडं ओढलं आणि खोळीच्या तोंडातून लाकडी दस्ता बाहेर आला. चित्राला दस्ता नसतो. मी खोळ मागे सारली. दुनळी बंदूक होती, जुनी, नळ्यांवर गंज चढलेली.

ज्या देशात मोठी सुरी खिशात सापडली तरी पोलीस चौकीत बसवतात, तिथे माझ्या नावावरच्या गाडीत बंदूक! मी संतापले.

“सेन्सेई, हे काय आहे?”

बाई उठल्या. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. बंदूक सासऱ्यांची. कुठल्याही कागदावर नसलेली. त्यांचे यजमान गावच्या शिकारी मंडळाचे प्रमुख होते. म्हातारपणी स्वतःची परवान्याची बंदूक त्यांनी सगळ्या गावादेखत पोलिसांकडे जमा केली, इतर म्हाताऱ्यांनाही करायला लावली. ही मात्र माळ्यावर राहिली. दर वर्षअखेरीला ते ती खाली काढून पुसत आणि बाई दिवा धरत.

“सोमवारी पाडणाऱ्यांना सापडली असती,” बाई म्हणाल्या. “गावात त्यांचं नाव गेलं असतं.”

“आणि कोतोला नेऊन काय करणार होतात?”

“पुढचं ठरवलं नव्हतं.”

मला ओरडायचं होतं. ओरडता येईना, कारण समोर बाई होत्या आणि बाजूला ते हरीण. मी चार पावलं लांब जाऊन नवऱ्याला फोन लावला.

सगळं त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अगं, डिकी उघडायला सांगितलीय का कुणी? नाही ना? मग गप्प बस. हरणाची केस आहे, हरणाचंच बोल. आपली कायमच्या परवान्याची फाइल आत आहे, आणि तुझ्या हमीदारच या बाई आहेत. लेकीची शाळा इथे, सगळं इथे. कशाला हातानं धोंडा पाडून घेतेस पायावर?”

तो चुकीचं सांगत नव्हता. विचारल्याशिवाय पोलिसाला काही सांगू नये, हे आम्ही दोघंही लहानपणापासून ऐकत आलोय; माझ्या वडिलांनी तर ते मला पाढ्यांबरोबर शिकवलं होतं. लेक इथे जन्मली, रागावली की जपानीत रागावते. तिला उचलून पुण्याला न्यायचं म्हणजे नव्याने झाड लावण्यासारखं. तेवढं सगळं पणाला लागलं होतं. पण गप्प बसून ही वस्तू जाणार कुठे? बाईंच्या सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मग दर वर्षअखेरीला दिवा धरायला कोण, मी? बाई गेल्यावर ती कुणाला सापडणार? आणि तोवर प्रत्येक गुरुवारी आम्ही दोघी समोरासमोर बसून कुठली भाषा शिकणार होतो?

“मी सांगणार आहे,” मी नवऱ्याला म्हटलं. तो “थांब, ऐक” म्हणत असतानाच मी फोन ठेवला. बाईंकडे गेले. “सेन्सेई, मी पोलिसांना सांगणार आहे. तुम्ही आधी सांगितलंत तर फार बरं होईल. नाहीतर मी सांगेन.”

बाई पुन्हा हरणाकडे वळल्या.

मी पेट्या परत ठेवून डिकी बंद केली आणि त्रिकोण लावला, तोवर पोलीस आला. तिशीतला, नम्र. त्याने टायरच्या खुणा मोजल्या, फोटो काढले, माझा परवाना आणि रहिवासी कार्ड उतरवून घेतलं. तेवढ्यात एक छोटा ट्रक आला. हरीण उचलायला शिकारी मंडळाचा माणूस आला होता, सत्तरीचा. बाईंना पाहताच त्याने टोपी काढली आणि कमरेत वाकला. मग पोलिसाला सांगू लागला, “या आमच्या प्रमुखांच्या पत्नी. असा नियमाचा माणूस गावात पुन्हा झाला नाही. आम्हा सगळ्यांच्या बंदुका त्यांनी जमा करायला लावल्या.” पोलिसानेही आदराने मान लववली. बाई वाकून आभार मानत होत्या आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते.

खरं सांगते, त्या क्षणी माझा निश्चय डळमळला. पोलिसाने मला अपघाताच्या नोंदीचा कागद दिला. गाडी चालते आहे, सावकाश जा, म्हणाला. डिकीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो आपल्या गाडीकडे वळला. बस, दहा पावलं, की संपलं होतं सगळं.

“थांबा,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला. “अजून एक गोष्ट सांगायची आहे. या गाडीत एक बंदूक आहे. मी हात लावत नाही. तुम्ही या आणि बघा.”

तो वळला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. आणि मी पुढचं वाक्य जुळवायच्या आत बाई माझ्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या खांद्याला लागणाऱ्या त्या बाई, मला पाठीशी घालून!

“ही माझी आहे,” त्या म्हणाल्या. “मी ठेवली. या कप विसळत होत्या तेव्हा. यांना माहीत नव्हतं. माझ्या यजमानांनी ती लपवली होती आणि मी त्यांना मदत करत होते, लग्न झाल्यापासून.”

ट्रकवाल्या म्हाताऱ्याने टोपी पुन्हा काढली होती. ती हातात धरून तो नुसता उभा राहिला. त्याच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

पुढचे काही तास पोलीस ठाण्यात गेले. आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. तेच प्रश्न उलटसुलट विचारले. गाठोडं कुणी उचललं, किती वाजता, तुम्ही कुठे होतात. चहा दिला, आवाज चढवला नाही, पण सोडलंही नाही. घरात सापडली तेव्हाच तिला न हलवता फोन करायला हवा होता, आता प्रकरणाचे कागद वर जातील, बोलावलं की बाईंना यावं लागेल, असं त्यांनी समजावलं. काडतुसं एकही नव्हती, नळ्या गंजलेल्या होत्या आणि सांगितलं आम्ही होऊन. या तीन गोष्टी वयस्कर अधिकाऱ्याने कागदावर मुद्दाम लिहिलेल्या मी पाहिल्या.

मग आम्हा दोघींना एकत्र बसवून तो म्हणाला, बाईंना घरी सोडायचं तर जबाबदारी घेणारं कुणीतरी हवं. बोलावलं की हजर करीन, अशी लेखी हमी द्यायची. बाईंचा एक भाचा ओसाकाला आहे, पण त्याला फोन करायला बाई तयार होईनात.

“मी सही करते,” मी म्हटलं.

अधिकाऱ्याने माझं कार्ड पुन्हा पाहिलं. “तुमचं स्वतःचंच वास्तव्य मुदतीचं आहे. कायमचा परवाना?”

“अर्ज केलाय.”

“त्याला हमीदार कोण?”

मी बाईंकडे बोट दाखवलं.

त्याने पेन खाली ठेवलं. आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग उठून आत गेला, कुणाशी तरी फोनवर बोलला आणि येताना कोरा फॉर्म घेऊन आला. ‘नातं’ या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचेना. ‘विद्यार्थिनी’ लिहिलं. वडिलांच्या नियमाचा उरलेला पहिला भागही तिथे मोडला. ते असते तर डोक्याला हात लावून बसले असते, पण मी सही केली.

एकच दिवा असलेली गाडी ठाण्यातच ठेवावी लागली. आम्ही ट्रेनने परत निघालो. डोंगर मागे पडले. मग खिडकीकडे बघतच बाई म्हणाल्या, “सोमवारी इमिग्रेशनला कळवा. हमीदार बदलायचा आहे म्हणा. माझं नाव आता तुमच्या उपयोगाचं नाही.”

“नाव तेच राहील,” मी म्हटलं. “झाला प्रकार मीच त्यांना लिहून कळवणार आहे. त्यांना सापडायच्या आत.”



घरी नवरा दारातच उभा होता. “सांगितलंस?” एवढंच त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने कपाळावर हात मारला आणि आत जाऊन वरण-भात गरम केला. दुसऱ्या दिवशी माझ्या पत्रातल्या तारखा-वेळा त्यानेच तपासल्या.

गुरुवारी मी ते पत्र घेऊन वर्गाला गेले. बाई येतील की नाही, याची खात्री नव्हती. त्या आल्या होत्या. नेहमीच्या जागी बसल्या होत्या, फक्त लाल पेन्सिल टेबलावर दिसत नव्हती. मी पत्र पुढे ठेवलं. त्यांना बोल लागू नये म्हणून मी त्यात लिहिलं होतं की घर आवरताना सामानाबरोबर बंदूक चुकून गाडीत आली.

बाईंनी पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग पिशवी उघडून लाल पेन्सिल काढली, ‘चुकून’ या शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, ‘माझ्या हमीदाराने लपवून आणली.’

“हे आता नीट पुन्हा लिहून काढा,” त्या म्हणाल्या, आणि खाली उठवण्यासाठी पर्समधून आपला शिक्का काढून त्यांनी टेबलावर ठेवला.