वापसभाऊंना न सांगितलेल्या तक्रारी

विकलेला चाकू वर्ष-दोन वर्षांत एकदाही परत आला नाही, की वापसभाऊंना चैन पडत नसे. दुसऱ्या दुकानदाराने म्हटलं असतं, गिऱ्हाईक खूश आहे. हे म्हणत, "मानूस रागावला असन. चाकू खराब निंगाला आन् त्यानं फेकून देल्ला. मंग मले समजन कसं?" म्हणून चाकू हातात देताना ते प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत, "काही वाटलं तं वापस आनजा." घेणारा गल्लीच्या टोकाला पोचला तरी मागून हाक यायची, "वापस आनजा बरं!" अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं नावच त्यावरून पडलं. त्यांचं आडनाव मला कितीतरी वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या दवाखान्याच्या कागदावर.

सम्यक, आर्या, माझ्या नातवंडांनो, त्यांचा घडीचा चाकू तुम्ही पाहिला आहे. बाभळीची मूठ, तिच्यात मिटणारं पातं आणि मुठीच्या पाठीला पोलादाची एक पट्टी, तिला ते कमानी म्हणत. पातं उघडलं की कमानी त्याला घट्ट धरून ठेवते, मिटवताना जोर लावावा लागतो. चाकूचा सगळा भरवसा त्या पट्टीवर. चांदूर बाजारकडे संत्र्याची कलमं करणारे लोक दिवसभर हा चाकू उघडतात, मिटवतात. ते दुसऱ्या कोणाचा चाकू घेत नसत. अमरावतीला दुकानंच दुकानं असताना बस बदलून अकोल्याला येत.

नवा चाकू झाला की भाऊ तो लगेच विकत नसत. आठ दिवस स्वतःच्या खिशात ठेवत. त्यानेच कांदा चिरायचा, त्यानेच सुतळी तोडायची, त्यानेच संत्रं सोलायचं. रोज शंभरदा उघडायचा, मिटवायचा आणि मिटताना कानाशी धरून आवाज ऐकायचा. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगत, "आठ दिवस माह्या खिशात राहीन, मंग तुमच्या." एका वेळी पाच-सहा चाकू खिशात, त्यामुळे सदऱ्याचे खिसे कायम फाटलेले. त्यांच्या पत्नी कमलाबाई ठिगळं लावून लावून कंटाळल्या होत्या. मला म्हणाल्या, "म्याडम, लोकाइच्या नवऱ्याच्या खिशात रुमाल सापडते. माह्या नवऱ्याच्या खिशात हात घालाले मले भेव वाटते."

सम्यक, तू नऊ वर्षांचा असताना उन्हाळ्यात आला होतास. मी तुला त्यांच्या दुकानात नेलं. तू एक चाकू उचललास, उघडायला गेलास, नख दुखलं आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "आजी, हा चाकू वाईट आहे." मी शरमले. भाऊ मात्र खाटेवरून उठून आले. "काहून वाईट हाय, सांग बरं?" तू म्हणालास, नख बसत नाही. त्यांनी पात्यावरची नखाची खाच बोटाने चाचपली, मग तुझं नख पाहिलं, मग स्वतःचं. "पोट्ट्यानं बराबर धरलं," ते म्हणाले, "माह्या नखाच्या मापानं खाच पाडून राह्यलो मी. लोकाइचे नखं माह्यासारखे थोडीच हायेत?" दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पात्यांची खाच अर्ध्या दोऱ्याने, जेमतेम दीड मिलिमीटरने, रुंद झाली. पुढे वर्षभर ते मला विचारत होते, "तुमचा तो साहेब कधी येनार हाय? नवी खाच दाखवाची हाय त्याले."

त्यांची मुलगी वनिता माझी विद्यार्थिनी, आता स्वतः शाळेत शिकवते. तिने चाकूंचे फोटो काढून ते इंटरनेटवर विकायला ठेवले. बागकाम करणारे, लाकूड कोरणारे, असे कुठले कुठले लोक चाकू मागवू लागले. त्यांचे निरोप इंग्रजीत येत. वनिता ते मोबाइलवर माझ्याकडे आणी, मी वाचून मराठीत सांगे, भाऊ उत्तर देत, मी ते इंग्रजीत लिही. एका गिऱ्हाइकाने कळवलं, मुठीचा रंग फोटोसारखा नाही. भाऊ म्हणाले, "त्याले लेहा, बाभूळ हाय बाप्पा. झाडानं तुमचा फोटो पाह्यला नवता." मी लिहिलं की लाकूड नैसर्गिक असल्यामुळे प्रत्येक मुठीची छटा थोडी वेगळी असते, तरी आपली निराशा झाली याबद्दल आम्हाला खेद वाटतो. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "एवढं लांब? मी तं एवढुसंच बोल्लो."

"इंग्रजीत तेवढं लागतं, भाऊ."

ते हसले. मलाही माझ्या त्या वाक्याचं कौतुक वाटलं होतं.

मग एका वर्षी उन्हाळ्यात कमलाबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. भाऊंनी तेराव्यानंतर भट्टी पेटवली आणि ते दिवसभर तिच्यासमोर बसू लागले. जेवायला उठत नसत. वनिता शाळेतून परस्पर तिकडे जाऊन त्यांना दोन घास खायला लावी. चाकू मात्र पूर्वीपेक्षा जास्त होत होते.

श्रावणात पहिली तक्रार आली. दूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, दीड महिन्यात चाकू सैल पडला, उघडलेलं पातं आपोआप खाली येतं. मी वाचलं आणि नेहमीप्रमाणे भाऊंकडे जायला चप्पल घालू लागले. वनिताने माझा हात धरला. "म्याडम, बाबाले नका सांगू. सध्या तेवढंच उरलंय त्यांच्याजवळ. हेही बिघडलं म्हटलं तर भट्टी बंद करून बसतील."

मला ते पटलं. मी त्या बाईंना अतिशय नम्र उत्तर लिहिलं, वनिताने तयार चाकूंमधला एक त्यांना बदली म्हणून पाठवला, आणि खराब चाकू आम्ही परतही मागवला नाही. तो आला असता तर भाऊंनी पाहिला असता. पुढच्या महिन्यांत आणखी पाच तक्रारी आल्या. सगळ्या तशाच, पातं थांबत नाही, पट्टी मऊ पडली. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. प्रत्येक पत्र कागदावर उतरवून तारखेनिशी फाइलमध्ये लावलं. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. सहाही पत्रं एकाखाली एक व्यवस्थित लागली होती, आणि सहाही एकच गोष्ट सांगत आहेत हे मला दिसत होतं. मी स्वतःला सांगत होते, दुःख ओसरलं की हात पुन्हा बसेल.

पौषात एका दुपारी चांदूर बाजारचे देवरावजी आले. पन्नाशीचे, रोपवाटिकांमध्ये कलमं करण्यात उभं आयुष्य गेलेलं. भाऊंचा एकच चाकू त्यांनी पंधरा वर्षं वापरला होता. धार लावून लावून पातं सुईसारखं झालं, म्हणून दिवाळीत नवा नेला होता. मी आणि वनिता तेव्हा दुकानातच होतो. देवरावजींच्या उजव्या हाताला पट्टी होती. डाव्या हाताने त्यांनी चाकू काढून खाटेवर ठेवला.

"तुमी म्हन्ले होते वापस आनजा. आनला."

"हाताले काय झालं?"

"मिटला. कलमाच्या खुंटावर काप घेऊन राह्यलो होतो, बोटावरच मिटला." त्यांनी पट्टी सोडून दाखवली. जखम भरत आली होती. "डॉक्टर म्हन्ते शीर तुटली. हे पाहा, वाकतच नाई." अंगठ्याशेजारचं बोट काठीसारखं सरळ राहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. हंगाम अर्धा गेला, उरलेला घरात बसून काढावा लागणार, एवढंच ते बोलले.

भाऊंनी चाकू उचलला, उघडला, कानाशी धरून मिटवला. पुन्हा मिटवला. "कमानी मेली हाय," ते म्हणाले. मग ते वनिताकडे वळले. "याच्या आंधी कोनाचा वापस आलता?"

वनिता रडू लागली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सहा जणांची तक्रार आली होती, भाऊ," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

त्यांनी महिने मोजले. मग देवरावजींच्या बोटाकडे पाहत हळू म्हणाले, "म्हंजे यांचा चाकू बनवाच्या आंधी."

त्यांनी मला घरून फाइल आणायला लावली. देवरावजींना चहा दिला आणि त्यांच्यासमोरच म्हणाले, "वाचा." मी पहिलं पत्र मराठीत सांगू लागले, की चाकू सुंदर आहे, पण थोडीशी अडचण जाणवते. भाऊंनी हात वर केला. "म्याडम, असं नका वाचू. त्या बाईनं जसं लेह्यलं तसं वाचा." मग मी जसं होतं तसं वाचलं. हा चाकू धोकादायक आहे. कोणाचं तरी बोट जाईल. हे वाक्य त्या पहिल्या पत्रात होतं. देवरावजींनी खाली पाहिलं.

सहा पत्रं संपली तेव्हा भाऊ उठले आणि त्यांनी एक कोरी पट्टी भट्टीत धरली. मला जवळ बोलावलं. पट्टी तापताना तिच्यावर रंग चढत जातात, आधी पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. निळी झाली की त्याच क्षणी बाहेर काढायची, नाहीतर पोलाद मऊ पडतं. आयुष्यभर ते हा रंग डोळ्यांनी ओळखत आले होते. आम्ही दोघे पाहत होतो.

"निळी झाली का?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच. आता तर राखाडी झाली, भाऊ."

"मले अजून जांभळीच दिसून राह्यली," ते म्हणाले. त्यांनी पट्टी पाण्यात टाकली आणि भट्टीवर माती ओढली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, निळा रंग त्यात आधी फिका पडतो.

मला वाटलं होतं ते माझ्यावर रागावतील. निदान माझ्याशी बोलणं तोडतील. तसं काही झालं नाही. संध्याकाळी मी निघताना ते दारापर्यंत आले. "तुमी माह्यावर दया केली, म्याडम," ते म्हणाले, "थे गिऱ्हाइकावर कराले पायजे होती." एवढंच. पुढे तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद घ्यायला सांगितलं. कमलाबाई गेल्यानंतर केलेला प्रत्येक चाकू परत मागवायचा होता. मजकूर त्यांचाच, मी फक्त भाषा बदलली, "चाकू खराब आहे. चूक माझी आहे. वापरू नका. परत पाठवा." शेवटी खेद वगैरे घालू का, मी विचारलं. ते म्हणाले, "नका घालू. वाचता वाचता मानूस चाकू उघडून बसन." जवळच्या गिऱ्हाइकांकडे ते स्वतः गेले. मी एकदा त्यांच्याबरोबर चांदूर बाजारला गेले होते. उन्हात दारोदार फिरून ते सांगत, "मी केलेला चाकू आना, खराब हाय थो." एक बाई म्हणाली, "चांगला तं चालून राह्यला, बाप्पा." ते म्हणाले, "माय, आज चालते. उद्या बोट जाईन."

ऑपरेशन झालं, दृष्टी स्वच्छ आली. परत आलेल्या चाकूंना त्यांनी एकेक करून नवी कमानी बसवली आणि आठ-आठ दिवस खिशात ठेवून मगच पाठवले. नवा चाकू मात्र एकही केला नाही. मी एकदा म्हटलं, भाऊ, आता तर रंग दिसतो ना? "दिसते," ते म्हणाले, "पन देवरावजीचं बोट वाकते का?"

हंगामात ते आठवड्यातून दोन दिवस चांदूर बाजारला जात. देवरावजींनी डाव्या हाताने काप घ्यायची सवय केली होती, पण कलमावर पट्टी बांधणं त्यांना जमत नव्हतं. भाऊ वाफ्याशेजारी बसून पट्ट्या बांधत. देवरावजींनी मला सांगितलं, "सुरुवातीले गाठी ढिल्ल्या मारत बुढा. मी बोल्लो का खूश होऊन सोडे आन् पुन्हा बांधे." असे दोन हंगाम गेले. तिसऱ्याच्या आधी, गेल्या कार्तिकात, भाऊ सकाळी चहा घेताना गेले. देवरावजी आले होते. तिरडी बांधताना त्यांनी ते बोट सरळ ठेवूनच गाठ मारली.

परत मागवलेल्यांच्या यादीतले चार चाकू तेव्हा यायचे राहिले होते. त्यांतला एक मागच्या महिन्यात आला. डोंगराळ भागातल्या कोणा गृहस्थांनी पाठवला होता, उशीर झाल्याबद्दल क्षमा मागून. दुरुस्त करून लवकर परत पाठवा, हातात छान बसतो, असं सोबत लिहिलं होतं. वनिताने तो उघडून पाहिला. पातं सैल होतं.

ती म्हणाली, त्यांना लिहू या की कारखाना बंद झाला आहे. मी टेबलाशी बसले आणि लिहिलं. "हा चाकू दुरुस्त करणारा माणूस वारला. कमानी मऊ आहे, चाकू तुमच्या बोटावर मिटू शकतो, म्हणून तो तुम्हाला परत पाठवत नाही. तुम्हाला तो विकला गेला त्याच्या आधीच हा दोष मला माहीत होता. मी चाकू करणाऱ्याला सांगितलं नाही."

वनिताने खांद्यावरून वाचलं. "म्याडम, शेवटचं लिहायची गरज आहे का?"

"आहे," मी म्हणाले, आणि खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता घातला.