अमीरसाहेबांच्या चपला

काल जुम्म्याची नमाज संपल्यावर मशिदीच्या पायरीवर एक परका माणूस दिसला. सगळ्यांच्या चपला तो बाहेरच्या दिशेने फिरवून ठेवत होता, निघताना पाय सरळ आत जावेत म्हणून. युसुफभाई हेच करायचे.

आम्ही प्रचाराला निघालेल्या जमातीबरोबर खेड्यापाड्यांत दीनाची, म्हणजे धर्माची गोष्ट सांगत फिरायचो. युसुफभाई साध्या मराठीत बोलायचे. आधी म्हशीची चौकशी, मग अल्लाहचं नाव. लोक उठायचं नाव काढत नसत. एकदा जमातीचे प्रमुख असलेल्या आमच्या अमीरसाहेबांनी त्यांना भर मशिदीत थांबवलं. "ही काय दीनाची भाषा झाली? तुम्ही आपले स्वयंपाकाचं बघा." मी शेजारी बसून गप्प राहिलो. युसुफभाई त्यानंतर कुठल्याच गावात बोलले नाहीत, मरेपर्यंत जमातीचा रस्सा ढवळत राहिले. आणि त्यांना दफन करून परतताना हेच अमीरसाहेब म्हणाले, "काय गोड बोलायचे!"

मीही वाकून त्या परक्याला मदत करू लागलो. एक काळी, टाचेला झिजलेली जोडी हाताला लागली. ती ओळखीची होती. ती मी तशीच उलटी ठेवली. अमीरसाहेबांचे गुडघे आता गेलेत. भिंतीला धरून ते कितीतरी वेळ पायाने चाचपडत राहिले. मी बघत उभा होतो.

युसुफभाईंनी तीच जोडी सगळ्यांच्या आधी सरळ केली असती. ठाऊक आहे मला. म्हणून तर मी केली नाही.