डाव्या कमरेवरची पाटी

"काय काम करता, मावशी?" सुवर्णा सिस्टरनी विचारलं.

नवसाबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं. ज्ञानेश म्हणाला, "काही नाही. घरीच असते."

"हां. बसूनच," नवसाबाईंनी री ओढली.

त्या सफाईने खोटं बोलल्या, कारण सवय होती. मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू पाटीत भरून पंचवटीच्या फुलबाजारात विकायचा, यातच जन्म गेला. त्यातूनच ज्ञानेश शिकला, क्लार्क झाला, इंदिरानगरला राहायला गेला. एका दसऱ्याला तो साहेबांबरोबर हार घ्यायला आला आणि नेमका आईच्याच पुढ्यात उभा राहिला. क्षणभर थांबून म्हणाला, "मावशी, हार कसा दिला?"

नवसाबाईंनी भाव सांगितला. साहेबांनी घासाघीस केली, तर कमीही केला. पुढे दर दसऱ्याला ऑफिसचा हार तिथूनच जाऊ लागला. घरी त्यावर दोघांपैकी कुणी कधी अवाक्षर काढलं नाही.

आता कॅन्सरचं ऑपरेशन होतं. शौचाची नेहमीची वाट कायमची बंद होणार. पोटावर नवं तोंड काढून तिथे पिशवी लावायची. ते तोंड कुठे यावं याची खूण आदल्या दिवशी करायची, हे सुवर्णा सिस्टरचं काम. त्या फक्त हेच काम करायच्या.

"पेनाने फुली मारायला एवढा वेळ?" ज्ञानेश पुटपुटला.

"दादा, सर्जन उद्या दुपारी ऑपरेशन करून मोकळे होतील. तुमच्या आईला याच्यासोबत जन्म काढायचाय. जागा चुकली की पिशवी सुटते, गळते, वास येतो. मग माणूस लग्नाला जात नाही, देवळात जात नाही, शेवटी उंबराच ओलांडत नाही." त्या नवसाबाईंकडे वळल्या. "शिकताना मी स्वतः पाणी भरलेली पिशवी पोटाला चिकटवून बसने फिरायचे. गंगापूर रोडला एकदा सुटली."

"मंग?"

"मग काय, साडी ओली. नुसतं पाणी होतं, तरी मान वर करवेना."

नवसाबाई त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

सिस्टरनी त्यांना बसवलं, उठवलं, वाकवलं, आडवं केलं. पोटावरच्या वळ्या बोटांनी चाचपल्या. डाव्या बाजूला फुली मारली आणि तिथेच थबकल्या.

"ही साडी सुनेची ना?"

"तुमाला कसं कळलं?"

"निऱ्या सारख्या सावरताय. रोज लुगडं असतं तुमचं." बोटं कमरेच्या हाडावर गेली. तिथली कातडी काळी, राठ झाली होती, जुवाखालच्या बैलाच्या खांद्यासारखी. "आणि हे कशाने?"

नवसाबाई भिंतीकडे बघू लागल्या.

"मावशी, चोरी पकडत नाही मी. माझी जागा चुकायला नको, एवढंच."

ओठ मिटलेलेच. पिशवी आयुष्यभर गळली तरी चालेल, पण पोराची अब्रू जायला नको, असं ते मिटणं होतं. ज्ञानेशला ते कळलं.

"पाटी," तो म्हणाला. "फुलांची पाटी. डाव्या कमरेवर घेते. बाजारात विकते ती."

सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा टब नवसाबाईंच्या हातात दिला. "घ्या कमरेवर, रोज घेता तसं."

टबाची कड बरोबर फुलीवर बसली.

सिस्टरनी स्पिरिटने फुली पुसली. बोटभर आत, बोटभर वर नवी मारली. "आता घ्या. रुततंय?"

"नाय."

"वाकून दिसतेय? तुमची तुम्हाला साफ करता आली पाहिजे."

"दिसती की."

"मग इथेच. बाजार सुटायला नको तुमचा."

बाजार सुटला नाही. पावसाळा सरता सरता नवसाबाई आपल्या जागेवर परतल्या. सिस्टरच्या ताकिदीप्रमाणे पाटी अर्धीच भरलेली, पण कमरेवर. लुगड्याखाली काय आहे हे बाजारात शेजारी बसणाऱ्या पुंजालासुद्धा कळलं नव्हतं.

तपासणीला न्यायला ज्ञानेश आला. एकटाच होता, तरी नवसाबाईंच्या तोंडून सवयीने निघालं, "बोला साहेब, हार देऊ?"

"जुनं गिऱ्हाईक तुझं," पुंजा हार ओवता ओवता म्हणाला.

"हां. जुनंच," त्यांनी लगेच सांगून टाकलं.

"मुलगा आहे मी यांचा," ज्ञानेश म्हणाला.

पुंजाची सुई थांबली. त्याने ज्ञानेशला पायांतल्या बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग दर दसऱ्याला मावशी मावशी करून भाव का पाडायचास रं?"

ज्ञानेशची मान वर होईना. पायाशी तुडवलेल्या पाकळ्या पडल्या होत्या, तो त्याच बघत राहिला.

"त्यानं नाय पाडला, साहेबानं पाडला व्हता," नवसाबाई मधे पडल्या. पाटी त्यांनी पुंजाकडे सरकवली. "ध्यान ठेव जरा. चल ज्ञाना, सिस्टर वाट बघत असंल."