पार्टिशनमागचा मॅनेजर

"राहायला कुठं?" एवढाच प्रश्न राहिला होता.

मुलाखत संपल्यात जमा होती. मुंबई-आग्रा रोडवर नवं हॉटेल उघडलं होतं. खाली लॉन, वर लग्नाचा मोठा हॉल. मालकांना सगळे आबासाहेब म्हणत. माझी माहिती ऐकून ते खूश झाले होते. कधीपासून येता, हेही विचारून झालं होतं. मग हा प्रश्न.

मी नाशिकरोडच्या आमच्या वस्तीचं नाव सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पुतळ्याच्या मागं?"

"हो."

माझं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. मराठ्यांत आहे, आम्हा बौद्धांतही आहे. तोवर आबासाहेब मला त्यांच्यातलाच धरून बोलत होते. निफाडकडचे कुणी पाहुणे माझ्या नात्यात लागतात का, तेही चाचपून झालं होतं. आता ते माझ्याकडे बघेनात. शेजारी त्यांचा भाचा श्रीकांत बसला होता, नुकतंच कॉलेज संपवून आलेला. आबासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग हसले. आवाज एकदम मवाळ.

"तुमचं काम मला हवंय. आवाजही छान आहे तुमचा. तुम्ही आत बसून फोन सांभाळा. बुकिंग घ्या, सगळं ठरवा. समोर श्रीकांत बसेल. आणि फोनवर नाव श्रीकांतचंच सांगा. लग्नकार्य म्हटलं की लोक बघतात हो. मी काही मानत नाही."

मी काही मानत नाही. हे वाक्य मला पाठ आहे. ज्यांनी ज्यांनी मला दाराबाहेर ठेवलं, त्या प्रत्येकानं ते आधी म्हटलं होतं.

विचार करून कळवतो, म्हणालो. उठलो.

मी काही नवखा नव्हतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहरातल्या एका जुन्या हॉटेलात वेटर म्हणून लागलो होतो. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राखेच्या कामावर होते. घरी येऊन खोकले की काळं पडायचं. पोराच्या अंगावर पांढरा शर्ट राहतो, याचंच त्यांना अप्रूप. मी इंग्रजी ऐकून ऐकून शिकलो. सातपूरच्या कंपन्या तेव्हा वाढत होत्या. त्यांचे साहेब लोक जेवायला यायचे. एकदा एका साहेबांना मी म्हटलं, तुमच्या डीलरांची मिटिंग मुंबईला कशाला घेता, इथं घ्या, मी बघतो सगळं. ती मिटिंग झाली. मग दुसऱ्या कंपनीची झाली. मग लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांच्या घरची लग्नं आली. इव्हेंट वगैरे शब्द तेव्हा नव्हता, कार्यक्रम म्हणायचे. मांडववाला, आचारी, बँड, फुलं, पाहुण्यांच्या खोल्या, रुसलेले व्याही, सगळं माझ्या अंगावर. पुढं पुढं कार्डावर माझं नाव आणि खाली मॅनेजर असं छापलं गेलं. वडिलांनी त्यातलं एक कार्ड मरेपर्यंत खिशात ठेवलं.

मग भागीदार भांडले आणि हॉटेलला कुलूप लागलं. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी कोट घालून नोकरी शोधत फिरायला लागलो. शरणपूर रोड, सीबीएस, द्वारका. जिथं आडनावावर भागायचं, तिथं चहा यायचा. जिथं पत्ता निघायचा, तिथं 'कळवतो' यायचं. काही ठिकाणी तर माझ्या हाताखाली शिकलेली पोरं मॅनेजर म्हणून बसलेली. ती उठून उभी राहायची, सर म्हणायची. मालक आत बोलवायचे नाहीत.

आबासाहेबांची अट मी घरी सांगितली. बायको भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला.

"पगार देणार, पण नाव घेणार काढून?"

मी कोट खुंटीला लावला.

आई कोपऱ्यातून म्हणाली, "धर बाबा. लय मिजास नाय बरी. पोरी शाळेत हायेत."

मी धरली.

हॉलच्या ऑफिसात प्लायवूडचं पार्टिशन घातलं. पुढं काचेचं टेबल, फिरती खुर्ची, श्रीकांत. मागं मी, फोन आणि पंखा. फोन वाजला की मी म्हणायचो, "नमस्कार, श्रीकांत बोलतोय." सुरुवातीला जीभ अडखळायची. नंतर अडखळेना, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली.

एक गृहस्थ मुलीचं लग्न पार पडल्यावर पेढे घेऊन आले. बाहेरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. मुलीच्या लग्नाच्या धास्तीनं झोप लागत नव्हती, पण तुम्ही फोनवर इतका धीर दिलात, घरचा माणूस बोलावा तसं बोललात, असं ते सांगत होते. गहिवरले होते. श्रीकांत म्हणाला, "आमचं कामच आहे ते." ते गेल्यावर त्यानं बॉक्स उघडला. वर्तमानपत्राच्या कपट्यावर दोन पेढे ठेवून पार्टिशनच्या खालून आत सरकवले.

दारातून नाही. खालून.

मी ते खाल्ले नाहीत. टाकलेही नाहीत. संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी नेले.

आबासाहेबांची आणखी एक सूचना होती. ती मात्र लग्नसराई तोंडावर आल्यावर सांगितली. फोनवर नाव-गाव विचारून घ्यायचं. आपल्यात चालण्यासारखी पार्टी नसेल तर तारीख गेली म्हणायचं. हे सांगताना त्यांना माझ्यापुढं जराही अवघडल्यासारखं वाटलं नाही. मी त्यांच्या लेखी तिथं नव्हतोच. आवाज होता फक्त.

त्यानंतर लवकरच मनमाडच्या पोस्टातून ट्रंककॉल आला. बाईंचा आवाज. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, नवरा रेल्वेत. मुलीच्या लग्नासाठी हॉल हवा होता, कारण मुलाकडची माणसं नाशिकची. तारीख सांगितली. मोकळी होती.

मी पुढं काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "साहेब, आधीच सांगते. आम्ही बौद्ध आहोत. मागं एका ठिकाणी पत्रिका छापून झाल्यावर तारीख गेली म्हणाले. तसं करू नका. देणार नसाल तर आत्ताच सांगा."

लाईन खरखरत होती. माझ्या हातात पेन होतं.

"बाई, तारीख मोकळी आहे," मी म्हणालो. मग माझं खरं नाव सांगितलं. राहतो कुठं तेही सांगितलं. "मी आपल्यातलाच."

त्या म्हणाल्या, "मग आधी दुसरं नाव कशाला सांगितलं?"

तेवढ्यात लाईन कटली.

मनमाडच्या पोस्टात, रांगेतल्या लोकांसमोर उभी राहून ती बाई आपण कोण ते मोठ्यानं सांगत होती. आणि मी, कोट घातलेला, बंद खोलीत बसून दुसऱ्याच्या नावानं बोलत होतो. माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. पण हात तिचा नव्हता. माझं नाव काढून घेणाऱ्याचा होता. इतके महिने मी त्या काढून घेण्याला नोकरी म्हणत होतो.

तारीख मोकळी आहे एवढ्या शब्दावर रविवारी ती बाई आणि तिचा नवरा हॉल बघायला आले. त्यांनी श्रीकांतला माझं नाव विचारलं. तो बावरला. मी पार्टिशनमागून बाहेर आलो, पहिल्यांदाच गिऱ्हाइकांसमोर, आणि त्यांना वर घेऊन गेलो. स्टेज दाखवलं, पंगतीची जागा दाखवली, वधूची खोली दाखवली. खाली उतरलो तर आबासाहेब आलेले. श्रीकांतनं घरी फोन केला असणार.

त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज तोच, मवाळ.

"तारीख चुकून दिली, असं सांगा त्यांना. तुम्हीच सांगा. तुमच्याकडून ऐकलं की त्यांना वाईट वाटणार नाही."

आमचा अपमान आमच्याच तोंडून, म्हणजे तो अपमान नाही. इतकं सरळ गणित होतं त्यांचं.

मी त्या दोघांसमोर जाऊन उभा राहिलो. आबासाहेबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, "तारीख मोकळी आहे. हॉल मोकळा आहे. हे मालक. हे तुम्हाला हॉल देत नाहीत, कारण तुम्ही बौद्ध आहात. मीही आहे. म्हणून मला मागं बसवलंय."

बाईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "हे खरं आहे का?"

"गैरसमज करून घेऊ नका, बाई. स्वयंपाकघराचे काही नियम असतात. मी स्वतः काही मानत नाही."

"तुमच्या मानण्याचं नाही विचारलं मी," त्या म्हणाल्या. "हॉल देता का?"

आबासाहेबांनी टेबलावरची बुकिंगची वही मिटली. श्रीकांत पायाकडे बघत होता. बाईंच्या नवऱ्यानं पिशवी उचलली. मी कोट चढवला आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडलो. मला कुणी काढलं नाही. मी राजीनामाही दिला नाही. नुसता चालत निघालो.

त्यांच्या पोरीचं लग्न मनमाडला मैदानात मांडव घालून झालं. मांडववाला आणि आचारी माझ्या ओळखीचे होते, मी सगळं उभं राहून करून दिलं. चांगलं झालं. झालं ना शेवटी चांगलं, असं लोक म्हणतात. मी तसं म्हणत नाही. त्यांना हॉल हवा होता. तो मिळाला नाही. मांडव कितीही देखणा असला तरी ती गोष्ट तशीच राहते.

आबासाहेबांनी फोन फिरवले असावेत. पुढं प्रत्येक ठिकाणी माझ्या आधी माझी बातमी पोचायची. भांडखोर आहे. माणसं चांगली नाहीत त्याच्यामागं. आईनं बोलणं टाकलं होतं. बायकोनं शिवणयंत्र आणलं, आणि त्याबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही. त्या न बोलण्यानंही मी रात्रंदिवस सोलून निघत होतो.

तरी मी जातो. सकाळी दाढी करतो, शर्टाला इस्त्री करतो आणि जातो. आत गेलो की आधी सांगतो, मी कोण, कुठला, कुठं राहतो, मला काय काय येतं. मग बसतो. मालक म्हणतात, कळवतो. मी म्हणतो, आत्ताच कळवा. काम येत नसेल तर तसं सांगा. दुसरं काही असेल तर तेही सांगा, पण तोंडानं सांगा, माझ्याकडे बघून सांगा.

ते घड्याळाकडे बघतात. शिपायाला हाक मारतात. मी बसून राहतो.

कारण ऐकल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. सोडणार नाही.