उलटा ठेवलेला ट्रेसिंग पेपर

नव्वदच्या दशकात मी संशोधन करत होते आणि भलतीच शेफारले होते. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात नवा कॉम्प्युटर आला होता. त्याची खोली एसीची, चपला बाहेर काढून आत जायचं. त्यावर मी औषधी वनस्पतींमधले रेणू एकेक करून एड्सच्या विषाणूच्या एका प्रथिनावर बसवून पाहायचे. प्रथिनात एक खोबण असते. तिच्यात रेणू चपखल बसला तर विषाणूचं काम अडू शकतं, आणि पुढेमागे त्यातून औषध निघू शकतं. एका रेणूला मशीन दोन-दोन दिवस घ्यायचं. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि माझा पारा वर.

रेणूंच्या आकृत्या जुन्या जर्नलांत मिळायच्या. बांधीव अंकांची पाठ फाटते म्हणून ग्रंथपाल झेरॉक्स काढू देत नसत, त्यामुळे मी त्या पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर गिरवून आणायचे आणि त्यावर बघून मशीनमध्ये भरायचे. कागद बाबांचा. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, यंत्रांची ड्रॉइंग काढायचे. कारखाना बंद पडला तेव्हा कागदाचं एक उरलेलं भेंडोळं घेऊन ते डोंबिवलीला घरी आले. त्याला वर्ष होऊन गेलं होतं. दिवसभर वर्तमानपत्र वाचायचे, अगदी टेंडर नोटिसांसकट.

एक दिवस भुईआवळ्यातला एक रेणू खोबणीत असा काही बसला की माझ्या मार्गदर्शक सरांनी मला चहा पाजला. पुढच्याच आठवड्यात एका परिसंवादात ते हे मांडणार होते आणि माझा सगळा प्रबंध त्यावर उभा राहणार होता. मी पेढे घेऊन घरी गेले आणि सगळे कागद टेबलावर पसरले. बाबांनी ट्रेसिंग उचललं, शेजारचं मशीनचं प्रिंटआउट पाहिलं आणि कागदावरून अंगठा फिरवला.

"अगं, पेन्सिल मागच्या बाजूला आहे. उलटा ठेवून उतरवलंस का?"

"बाबा, तुम्हाला नाही कळणार त्यातलं," मी फटकन म्हणाले.

"नसेल कळत. पण कागद उलटाच आहे."

त्या आकृतीत अक्षरं दोनच होती, ओ आणि एच, आणि दोन्ही उलट बाजूनेही तशीच दिसतात. मला कळणार कसं? पण कागद उलटला की रेणूची डावी बाजू उजवी होते, आणि वनस्पतीत तो तसा नसतोच. मी मशीनला डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालायला लावली होती. सुलट आकृती घालून दोन दिवस वाट पाहिली. खरा रेणू खोबणीच्या तोंडाशीच अडकला.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि तो विचार मनात आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. शेवटी सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी परिसंवादासाठी केलेली स्लाइड ड्रॉवरमध्ये टाकली. मग विचारलं, "चूक पकडली कुणी?"

मी सांगितलं.

"आपली पाठ आपल्याला दिसत नाही," सर म्हणाले. "बाकीच्या एकतीस आकृत्याही तपासून घ्यायला हव्यात. वडिलांना उद्यापासून येता येईल का, विचार. माझ्या खोलीत टेबल लावून देतो."

तो रेणू कधीच औषध झाला नाही. प्रबंध दीड वर्ष लांबला आणि निघाला तो साधासुधाच. तरी सरांचे आणि बाबांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, आणि माझी चूक झाली याचा मला आजही आनंद वाटतो. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कुणाला न विचारता दोन डबे भरले, आणि मी वेणी घालून बाहेर आले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून केव्हाचे दारात उभे होते.