रकान्यातलं वीस

परवा माझ्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीचे चार्ट तपासत होते. वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटच्या श्वासाच्या रकान्यात एकच आकडा होता, वीस. मी पेन खाली ठेवलं.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मीही तेच करायचे. श्वास मोजायचे तर पेशंटच्या छातीकडे बघत मिनिटभर थांबावं लागतं. त्यापेक्षा धडधाकट माणसाला शोभेल असं वीस लिहायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं.

एका सकाळी फिनेलच्या वासात आमची फेरी चालली होती. कोपऱ्यातल्या खाटेवर तळेगाव ढमढेऱ्याचे एक आबा उशीला टेकून बसले होते. मी शिरूरची आहे कळल्यापासून ते मला ‘आपली पोर’ म्हणायचे. त्यांच्याही रकान्यात मी वीस लिहिलं.

मागोमाग आम्हाला शिकवणाऱ्या ट्यूटर सिस्टर आल्या. त्यांनी चार्ट पाहिला, आबांकडे पाहिलं आणि घड्याळ लावून स्वतः श्वास मोजले. छत्तीस भरले.

“आबा, हिनं मोजले होते का?”

आबांना एका दमात बोलता येत नव्हतं.

“व्हय... मोजलं की. लई येळ... हुबी व्हती. धाप... आत्ताच लागली.”

सिस्टरांनी घाईनं ऑक्सिजन लावला. मी खरं बोलले नाही, तेव्हाही नाही आणि आबा बरे होऊन घरी गेले तेव्हाही नाही.

आता त्या मुलीला बोलावलंय. तिला काय तोंडानं रागावू? मला वाचवायला आबांनी किती श्वास खर्चले, तेसुद्धा मी मोजले नव्हते.